ड्रॅगन, डुलकी आणि दुसरा मजला

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वार्षिक अंकात एक पान कोरं राहिलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

ते पान खरं तर उपअभियंत्यांच्या प्रवासवर्णनासाठी राखलेलं होतं. पण त्यांचा प्रवासच रद्द झाला. न केलेल्या प्रवासाचं वर्णन छापावं की नाही, यावर दोन दिवस चर्चा होऊन शेवटी छापू नये असं ठरलं. (एक मत विरोधात पडलं. ते उपअभियंत्यांचं होतं.) मग अंकाचं काम बघणाऱ्या टंकलेखिकाबाई मजकूर शोधत शोधत तळघरापर्यंत पोचल्या. तळघरात एकच माणूस बसायचा. तो म्हणाला, "मी देतो की लिहून."

हा माणूस म्हणजे आपला उस्ताद.

अकरा वर्षं उस्ताद जुन्या मीटरांच्या ढिगाऱ्याशेजारी टेबल टाकून बसत होता. आलेल्या तक्रार अर्जांचे तीन गठ्ठे करायचे, हे त्याचं काम. पाणी येत नाही, पाणी नको तिथून येतं आणि पाणी येतं पण बघवत नाही. गठ्ठे वर जायचे. वर त्यांचं काय व्हायचं, हे विचारण्याची पद्धत नव्हती. अकरा वर्षांत त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती, कारण हाक मारण्याइतकं कुणाचं काही अडलंच नव्हतं.

मग गेल्या वाढदिवसाला बायकोने त्याला व्हिडिओ गेमचं यंत्र आणून दिलं. ("निदान बोटं तरी हलतील," असं ती म्हणाली होती.) दोन महिन्यांनी चहाच्या वेळी उस्ताद सहज बोलून गेला, की गुहेच्या खेळातला ड्रॅगन काल आपण हरवला. कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे कप ओठांपाशीच थांबले. तो ड्रॅगन म्हणजे साधी असामी नव्हती. शेवटच्या दरवाजाची किल्ली पोटाखाली घेऊन तो बसायचा आणि समोर येईल त्याला भाजून काढायचा. अर्धं कार्यालय त्याच्यापुढे राख होऊन बसलं होतं. त्या दिवसापासून हा 'उस्ताद' झाला. लोक जिन्यात थांबून त्याला वाट देऊ लागले.

त्यात दुसऱ्या मजल्यावर नवा तक्रार कक्ष उघडणार असल्याची बातमी आली. खिडकी, पंखा, चाकांची खुर्ची. साहेब म्हणाले होते, "प्रमुख म्हणून शांत डोक्याचा माणूस हवा." उस्तादाला रात्रंदिवस ती खिडकी दिसू लागली. अकरा वर्षांत त्याने ऑफिसातून उजेड असा पाहिलाच नव्हता. त्यामुळे कोरं पान ही त्याच्या दृष्टीने शिडीच होती. त्याने मथळा दिला, 'सरत्या वर्षात मला आवडलेले पाच खेळ', आणि रविवारी सकाळी लिहायला बसला.

"पहिला क्रमांक शेतीच्या खेळाचा," त्याने लिहिलं. "माझ्या शेतावर चाळीस कोंबड्या आहेत. त्या मी केव्हा पाळल्या हे सांगता येणार नाही, पण प्रत्येकीला नाव आहे आणि नावं हजेरीपटावर असावीत तशी क्रमाने आहेत. उन्हाळ्यात गावच्या डॉक्टरणीशी माझं लग्न झालं. मुलगी चांगली आहे."

बायको मागे उभी राहून वाचत होती. ती इस्पितळात एक्स-रे काढायची, त्यामुळे आत काय आहे ते तिला लगेच दिसायचं.

"ही डॉक्टरीण कोण?"

"अगं, खेळातली आहे."

"मला विचारलंत?"

"मलाही कुणी विचारलं नाही. एक दिवस उघडून बघतो तर झालेलं."

"मी सुताराची मुलगीही पाहिली होती," उस्तादाची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पण ती फार उलट बोलते."

आई कुणा शेजाऱ्यांच्या लग्नाबद्दल बोलत असावी, असं समजून उस्ताद पुढे लिहू लागला. दुसरा क्रमांक गाड्यांच्या शर्यतीचा. ("मी नेहमी बारावा येतो, कारण मी प्रत्येक सिग्नलला थांबतो. यंत्राने मला शिस्तीचं पदक दिलं आहे.") तिसरा युद्धाचा. ("या खेळात मी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. दोन्हीकडचे सैनिक उंचीप्रमाणे रांगेत उभे आहेत.") चौथा ठोकळे रचण्याचा. आणि पाचवा अर्थातच ड्रॅगनचा.

हे सगळं आपण केव्हा केलं, हे उस्तादाला आठवत नव्हतं ही गोष्ट खरी. संध्याकाळी सातला तो सोफ्यावर बसायचा, सव्वासातला त्याचा डोळा लागायचा आणि आठला जेवायला हाक आली की जागा व्हायचा. बघावं तर कंट्रोलर हातात आणि खेळ कुठल्या कुठे पुढे गेलेला. पहिल्यांदा तो दचकला. मग त्याने विचार केला. माणूस झोपेत चालतो, झोपेत बोलतो, मग झोपेत ड्रॅगन का हरवू नये? हा विचार त्याला इतका पटला, की लेखाच्या शेवटी त्याने तो स्पष्टच लिहून टाकला. "माझी पद्धत साधी आहे. मी झोपतो, हात आपलं काम करतात."

"तुम्हाला खरंच असं वाटतं?" बायकोने विचारलं.

"देणगी असते एकेकाची."

बायकोने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आईने मान हलवली. "राहू दे गं, आनंद होतोय त्याला."

अंक निघाला. तिसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. साहेबांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग घसा साफ केला.

"हे झोपेचं खरं आहे?"

"होय साहेब."

"आठ महिने," साहेब हळूच म्हणाले. "आठ महिने तो मला जाळतोय. शहरातल्या सगळ्या टाक्या माझ्या हुकमात आहेत, आणि एक सरडा मला किल्ली देत नाही. रविवारी चारला येतो तुमच्याकडे. प्रात्यक्षिक दाखवा. कक्षप्रमुखाचं मग बघून टाकू."

रविवारी साहेब आले. आपल्या घरी 'टाकीच्या पाहणीला जातो' असं सांगून आले होते. स्वतःचा कंट्रोलर त्यांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणला होता, पण तो काही त्यांनी बाहेर काढला नाही. शिकाऊ माणसाने आधी नुसतं बघावं, असं ते म्हणाले.

उस्तादाने ड्रॅगनचा टप्पा पुन्हा लावला. पडद्यावर गुहा आली. ड्रॅगन बसला होता, समोर उस्तादाचा वीर उभा होता. उस्ताद सोफ्यावर आडवा झाला, कंट्रोलर छातीवर धरला आणि डोळे मिटले.

आणि झोप येईना.

आयुष्यभर जी न बोलावता यायची, सभेत यायची, न्हाव्याकडे यायची, स्वतःच्या साखरपुड्यात आली होती, ती नेमकी आज रुसली. एका डोळ्याच्या फटीतून त्याला साहेब दिसत होते. दोन फुटांवर खुर्ची ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून, ते त्याच्या पापण्यांकडे बघत होते.

"हलू नका," बायको सवयीने म्हणाली. "श्वास घ्या. रोखा. सोडा."

"खिडकीचा पडदा ओढू का?" साहेबांनी विचारलं.

"नको साहेब, लागेल आता."

दहा मिनिटं गेली. बायकोने पांघरूण घातलं. आणखी दहा मिनिटं गेली. ती चाकांची खुर्ची घरंगळत लांब लांब जाताना त्याला मिटल्या डोळ्यांनी दिसू लागली.

"मी काही वाचून दाखवू का?" साहेब म्हणाले. "माझ्या पिशवीत जलवाहिन्यांच्या देखभालीचं परिपत्रक आहे."

साहेबांनी परिपत्रक उघडलं आणि धीरगंभीर आवाजात वाचायला लागले. उपरोक्त विषयास अनुसरून पहिला परिच्छेद झाला. संदर्भाधीन पत्रान्वये दुसरा झाला. तिसऱ्यातल्या 'तदनंतर'पाशी उस्ताद घोरू लागला.

पुढचं त्याला नंतर बायकोने सांगितलं.

साहेब पडद्याकडे डोळे लावून बसले. आता हात चालतील, मग चालतील. हात चालेनात. वीर नुसता उभा. ड्रॅगनने एकदा फूत्कार टाकला, एकदा शेपूट आपटली, वीराला हुंगलं. वीर उभाच. मग ड्रॅगनने जांभई दिली, पुढच्या पायांवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

साहेबांच्या हातून परिपत्रक गळून पडलं.

"झोपला?" आई आतून आली. तिच्या हातात सोललेल्या मटारची वाटी होती. एकतीस वर्षं तिने बालवाडी सांभाळली होती. "आता हळू बोला हं."

"पण यांनी केलं काय?" साहेब कुजबुजले.

"काहीच नाही. तेच करायचं असतं. दुपारी चाळीस पोरं झोपवताना मीही हेच करायची. ओरडायचं नाही, धरायला जायचं नाही, समोर स्वस्थ उभं राहायचं. हा झोपला की हात हलत नाहीत, हात हलले नाहीत की तो ड्रॅगन झोपतो. मग मी किल्ली काढून घेते."

तिने अलगद मुलाच्या हातातला कंट्रोलर सोडवला आणि दोन बोटांनी किल्ली ड्रॅगनच्या पोटाखालून बाहेर काढली. ड्रॅगनने नुसती कूस बदलली.

"शेती, शर्यत, ते रांगेतले सैनिक…" साहेबांनी मोजायला सुरुवात केली.

"कुकर होईपर्यंत वेळ असतो मला," आई म्हणाली. "मग याच्या हातात परत ठेवून देते."

साहेबांना भरून आलं असावं. "शेवटचा दरवाजा मी उघडू?" त्यांनी विचारलं.

"उघडा की. हलक्या हाताने."

साहेबांनी कंट्रोलर घेतला. आठ महिन्यांची राख अंगावर घेतलेला तो माणूस श्वास रोखून, पावलापावलाने, झोपलेल्या ड्रॅगनला वळसा घालून दरवाजापाशी पोचला. किल्ली कुलपात गेली.

परिपत्रकाचा आवाज थांबून बराच वेळ झाल्यामुळे असेल, नेमका तेव्हाच उस्ताद जागा झाला. त्याला दिसलं ते एवढंच, की आपल्या हातात कंट्रोलर नाही आणि साहेब आपल्याआधीच घाई करून सगळं बिघडवताहेत. माणूस उपकाराच्या भावनेने किती चपळ होतो, हे घरातल्यांनी त्या दिवशी पाहिलं. "साहेब, असं नाही," असं म्हणत त्याने झडप घातली आणि अंगठा तलवारीच्या बटणावर पडला.

ड्रॅगन उठला. वीर गेला, किल्ली गेली. खोलीभर केशरी उजेड पडला आणि साहेबांच्या चष्म्यात बराच वेळ जळत राहिला.

"उठवला त्याला," आई म्हणाली.

"हलू नका म्हटलं होतं मी," बायको म्हणाली.

"काळजी नको साहेब," उस्ताद पांघरूण ओढत म्हणाला. "मला जरा डोळा लागू दे, परत करून दाखवतो."

साहेबांनी फडक्यातला आपला कंट्रोलर काखेत मारला, आईला वाकून नमस्कार केला आणि उस्तादाकडे न बघता ते टाकीच्या पाहणीला निघून गेले.

त्यानंतर बायकोने त्याला सगळं सांगितलं. उस्ताद पांघरूण बाजूला करून सोफ्यावर उठून बसला.

"आई, मग तू तो परत माझ्या हातात का ठेवायचीस?"

"झोपेत हातातलं काढून घेतलं की उठल्यावर तू रडायचास लहानपणी."

"मी आता बेचाळीस वर्षांचा आहे."

"म्हणून तर प्रयोग केला नाही."

सोमवारी उस्तादाने कबुलीजबाब लिहून काढला. पाचही खेळ आपले नाहीत, आवडले मात्र मनापासून, उस्ताद ही पदवी परत घ्यावी, आणि कक्षाचं जे काही मनात असेल ते काढून टाकावं. तो कागद घेऊन तो दुसऱ्या मजल्यावर साहेबांकडे गेला. खिडकीतून ऊन येत होतं. ते त्याने डोळे भरून बघून घेतलं, कारण पुन्हा दिसणार नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"बसा. आपलं काय चुकतं ते काल मला कळलं. तक्रारदार चिडून येतो, आणि आपण लगेच तलवार उपसतो. नियम दाखवतो, आवाज चढवतो, तो आणखी पेटतो. समोर असा माणूस हवा, जो काहीही करत नाही."

"पण साहेब, काम न करणारे आपल्याकडे…"

"भरपूर आहेत. पण ते न करण्यासाठी धडपडतात. समोरच्याला ते दिसतं. तुमचं तसं नाही. तुम्ही मनापासून काही करत नाही. ते शिकवून येत नाही."

"आणि किल्ली?"

"मातोश्री येतील. मी सकाळीच फोन केला होता. शेजारचं टेबल त्यांचं."

असा उस्ताद दुसऱ्या मजल्यावर गेला. खिडकी मिळाली, पंखा मिळाला, खुर्चीला चार नाही तर पाच चाकं निघाली. नेमणुकीच्या आदेशात चौथ्या मुद्द्यात लिहिलं होतं, की कार्यालयीन वेळेत कक्षप्रमुखांनी शक्यतो हालचाल करू नये. लोक लालबुंद होऊन दारात यायचे, समोरचा माणूस बघायचे आणि त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. मग आई त्यांना शेजारी बसवायची, पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची आणि प्लंबरला असा फोन लावायची, की तो दुपारच्या आत त्या घरी पोचायचा. महिन्याभरात तळघरातून वर आलेले तिन्ही गठ्ठे संपले.

एके दिवशी एक गृहस्थ तपकिरी पाण्याची बाटली नाचवत आले आणि दारातच थबकले.

"हे कोण?" त्यांनी बोट दाखवून विचारलं.

"प्रमुख आहेत," आई म्हणाली. "हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय."

उस्ताद खरं तर टक्क जागा होता. उठावं, त्या गृहस्थांशी दोन शब्द बोलावेत, निदान बाटली तरी हातात घेऊन बघावी, असं त्याला फार वाटलं. पण चौथा मुद्दा त्याला पाठ होता. त्याने फक्त मान दुसऱ्या बाजूला टाकली. तेवढ्याने खुर्ची भिंतीकडे घरंगळू लागली, तेव्हा आईने लिहिता लिहिता पाय लांब करून ती जागच्या जागी अडवली.