मावशीचा ठिपका

दुकानातल्या रिकाम्या भिंतीवर समुद्राचा फोटो लावायचा, हे चष्मेवाल्याने सहलीहून परततानाच ठरवलं होतं. नवा चष्मा घातलेल्या माणसाला लांबचं काहीतरी बघायला लागतं, आणि समोरच्या बँकेची पाटी बघून कुणाचंही मन प्रसन्न होत नाही, असं त्याचं म्हणणं.

रविवारी जेवण उरकून तो कॉम्प्युटरपुढे बसला. कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाईल म्हणजे निव्वळ धुण्याचं पाणी. समुद्र राखाडी, आकाश राखाडी, आणि क्षितिज असं कललेलं की डाव्या कोपऱ्यातून सगळा समुद्र सांडेल. त्याने आधी क्षितिज सरळ केलं. आकाशाचा भगभगीतपणा उतरवला, खडकांच्या काळोखातून शेवाळ वर काढलं, पाण्याला निळा रंग चढवला. बायको म्हणाली जास्त झाला, म्हणून थोडा उतरवला. शेवटी राहिले धुळीचे ठिपके. काचेवरचे डाग पुसण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे हे काम त्याने अगदी चवीने केलं. आकाशातले सात पुसले, पाण्यातला एक पुसला आणि फोटो छापायला पाठवून दिला.

फोटो भिंतीवर चढला त्याच संध्याकाळी मावशी दुकानात आली. वय सहासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, आणि सहलीला बरोबर होती. त्यानेच करून दिलेला चष्मा नाकावर चढवून तिने फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला.

“मी कुठे आहे यात?”

“तू कशी असशील, मावशी? हा समुद्राचा फोटो आहे.”

“मी समुद्रातच होते.”

त्या दिवशी तो कॅमेऱ्याला डोळा लावून बसला असताना मावशी नखशिखांत भिजून आली होती आणि गळ्याइतक्या पाण्यात जाऊन पोहले म्हणून सगळ्यांना सांगत होती. म्हणजे पाण्यातला तो ठिपका धुळीचा नव्हता. त्याने सख्ख्या मावशीला पुसून टाकलं होतं.

हा नुसता नमुना आहे, खरा फोटो अजून यायचाय, असं त्याने घाईघाईने सांगितलं. मावशी म्हणाली, लवकर आण, माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या चौघी मैत्रिणी गुरुवारी बघायला येणार आहेत.

घरी येऊन त्याने मावशीला परत आणलं. पण गडद पाण्यात ती दिसेना. उजळली, तर दिव्यासारखी चमकायला लागली. पुन्हा मंद केली. दोन तास खपून मावशी मनासारखी जमली, तेव्हा त्याने तिला घरी बोलावलं आणि मोठ्या कौतुकाने तो ठिपका पडद्यावर मोठा करत नेला. ठिपक्याचं डोकं झालं. डोकं अजून मोठं झालं, आणि त्याला कडी फुटली. तो जाळ्याला खूण म्हणून बांधलेला प्लास्टिकचा डबा होता.

मग मावशीने दाराकडे पाहून त्याच्या बायकोची चाहूल घेतली आणि हळूच सांगितलं की ती पाण्यात गेलीच नव्हती. खडकामागे शेंगा खात बसली होती, तर एक लाट अंगावर आली. विचारणाऱ्यांना पोहले म्हटलं, आणि लोकांनी इतकं कौतुक केलं की माघार घेता येईना.

“मग आता?” त्याने विचारलं.

“आता काय? एवढं मोठं करू नकोस, म्हणजे झालं.”

गुरुवारी मैत्रिणी आल्या, तेव्हा डब्यासकट नवा फोटो भिंतीवर चढला होता. चष्मेवाल्याने भिंतीला लागून दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, कुणी फार जवळ जाऊ नये म्हणून. चौघींनी लांबूनच डबा पाहिला, तोंडात बोटं घातली, आणि एक तर म्हणाली की मानेची ठेवण अगदी हिचीच. बोलता बोलता त्यांनी ठरवलं की पुढच्या महिन्यात सगळ्यांनी समुद्रावर जायचं. पुढे मावशीने पोहायचं, बाकीच्यांनी तिच्या मागून. मावशी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

हल्ली चष्मेवाला रोज सकाळी सहाला मावशीला स्कूटरवरून पोहण्याच्या तलावावर सोडतो आणि काठावर टॉवेल धरून उभा राहतो. ती दांडी धरून पाय मारते. कालपासून एक हात सोडायला लागली आहे.