हैबतरावांचे गुण

जैनुद्दीन मास्तरांनी आयुष्यात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं, अगदी बियाणं विकणाऱ्यांच्या छापील पत्रकांनासुद्धा. एका पत्राला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही. ते १९८६च्या माघात आलं, आणि त्या न दिलेल्या उत्तरापायी कोळवणात जे काही झालं त्याची आठवण निघाली की मास्तर अजूनही चष्मा पुसायला घेतात.

पत्र पुण्यातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहातून आलं होतं. जयसिंग नावाच्या विद्यार्थ्याला मास्तरांचं बत्तीस पानी पुस्तक रस्त्यावरच्या रद्दीत सापडलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी मुळशीतल्या पट्टा-लाठी खेळणाऱ्यांची माहिती जमवून ते स्वतः छापून घेतलं होतं, आणि छापल्या दिवसापासून त्यात काहीतरी चुकलं असणार या काळजीत ते होते. कोणीतरी ते वाचलं, हे कळल्यावर ती काळजी दुप्पट झाली.

जयसिंगने लिहिलं होतं, "आम्ही चार मित्र खोलीत एक नवा खेळ खेळतो. माझ्या मामाने तो परदेशातून आणला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात आणि संकट आलं की फासे टाकतात. प्रत्येक वीराचा एक कागद असतो, त्याला आम्ही पत्रिका म्हणतो. त्यावर बळ, चपळाई, सोशिकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे रकाने. प्रत्येकाला तीन ते अठरा गुण. खेळात बुक्कीने दार फोडणारी चिनी संन्यासिनी आहे, दिसेनासा होणारा जपानी हेर आहे. आपल्याकडचा मात्र कोणीच नाही. म्हणून आपल्या पुस्तकातले हैबतराव घ्यायचं ठरलं आहे. कृपया त्यांचे गुण कळवावेत. तसेच पान एकोणीसवर 'पट्टा फिरवू लागले की हैबतराव भर पावसात कोरडे राहत' असं आहे. ही विद्या त्यांना दिवसातून किती वेळा वापरता येते?"

मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ असलेली लांब, लवलवती तलवार. ती फिरवणारे हैबतराव दोन घरं सोडून राहत, आता सत्तरीला टेकले होते, आणि विडी पेटवताना त्यांच्या तीन काड्या वाया जात. अठरा गुण लिहावेत तर तो खोटेपणा. दहा लिहावेत, तर उद्या हैबतरावांना कळलं म्हणजे? ज्या माणसाने आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर निमूट गुण दिले, त्याचा हात एका म्हाताऱ्यापाशी येऊन अडला. मास्तरांनी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

तीन आठवड्यांनी स्मरणपत्र आलं आणि ते नेमकं कार्डावर आलं. कोळवणचा पोस्टमन गेणू कार्ड आधी स्वतः वाचत असे, मग एसटीच्या थांब्यावर चार लोकांना वाचून दाखवी आणि सरतेशेवटी ज्याचं त्याला देई. त्याच्या मते कार्ड उघडं असतं ते त्यासाठीच.

थांब्यावर त्याने खड्या आवाजात वाचलं, "'हैबतराव यांचे गुण अद्याप न कळल्याने आमची मंडळी खोळंबली आहेत. पत्रिका कोरीच आहे. अठरा असल्यास उत्तम, कमी असल्यास चालवून घेऊ. वयाची अट नाही. त्यांच्या जोडीला आमच्याकडची चिनी ठरवली आहे.'"

थांब्यावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. पत्रिकेतल्या छत्तीसांपैकी अठरा गुण जमले की सोयरीक पुढे जाते, हे शेरडं राखणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"म्हातारा लगीन करतुया," कोणीतरी म्हणालं.

"चिनी म्हंजी?"

"लाडाचं नाव आसंल. साखरेवानी ग्वाड म्हनून."

एसटी यायच्या आत बातमी ओढ्यापलीकडे गेली होती.

दुपारी मास्तर जेवायला बसले होते तोच हैबतरावांची सून भागूबाई दारात उभी राहिली. तिने पदर खोचलेला होता. भागूबाईने पदर खोचला की गावात बैलसुद्धा वाट सोडत.

"मास्तर, भटजी सोडून तुमी कवापासनं पत्रिका बगाय लागलाय?"

"अहो, तसं काही नाही. तो एक खेळ आहे."

"लगीन तुमाला खेळ वाटतुया?"

"लग्न नाहीच. कागदावर वीर असतात, आणि फासे…"

"फाशे बी टाकून झालं? आन बाई कोन ठरवलीय?"

मास्तर गांगरले की खरं बोलत. "चिनी संन्यासिनी आहे," ते म्हणाले. "बुक्कीनं दार फोडते."

भागूबाईने मास्तरांच्या बायकोकडे, ताजबीकडे पाहिलं. "ऐकलं का भाबी? संन्याशीन आनत्यात, आन ती बी दार फोडनारी." एवढं बोलून ती पदर न सोडता निघून गेली.

"अवो, आता तरी उत्तर लिवा," ताजबी म्हणाली. "दोन ओळी लिवायला तुमाला म्हैना लागतुया, आन तितं म्हाताऱ्याचं घर पेटलंय."

मास्तरांनी जेवण अर्धं टाकून कागद घेतला, 'प्रिय जयसिंग' लिहिलं, 'प्रिय' खोडून 'चि.' केलं, आणि ते जास्त जवळिकीचं वाटून थांबले. तेवढ्यात मागच्या दारातून हैबतराव आत आले. मिशीला तेल लावलेलं होतं.

"मास्तर, काय लिवताय?"

"उत्तर. गैरसमज झाला आहे, तो दूर करतो. तुमच्या घरात उगीच वादळ…"

"वादळ कुटलं? पयलं तर ऐका." हैबतराव चौरंगावर टेकले. "सकाळपासनं तीन डाव च्या झाला. साखरेचा. माजी खाट बारा वर्सं शेरडांच्या पडवीत व्हती, ती आज माज्या पोरानं, म्हसूनं, आत घेतली. सूनबाई म्हनती, 'मामंजी, भाकरी मऊ हाय का?' बारा वर्सांत तिनं इचारलं नव्हतं. नवी बाई आली तर वाटनी मागंल, ह्या भेवानं दोघं बी हात जोडून हायेत. आन तुमी लिवताय."

मास्तरांनी शब्दकोशातलं पत्र काढून त्यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. हैबतरावांनी ते मान डोलवत ऐकलं.

"म्हंजी बाई न्हाईच?"

"कागदावरची आहे."

हैबतरावांनी मांडीवर थाप मारली. "बेस झालं. कागदावरची बाई वाटनी मागत न्हाई. तुमी उत्तर धाडू नका, मास्तर. तुमी उत्तर धाडलं की माजी खाट परत शेरडांत."

"पण मुलगा वाट पाहतोय. आणि ते पावसाचं विचारतो आहे. दिवसातून किती वेळा, म्हणून."

हैबतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "त्येचं आसं हाय. जत्रंत पाऊस आला तवा मी वळचनीला पळालो. तुमी मागनं येऊन इचारलंत, 'हैबतराव, तुम्ही कोरडे कसे?' मी म्हनलं, 'पट्टा फिरीवला.' मस्करीत म्हनलं. तुमी वहीच काढलीत. मग माज्याच्यानं सांगवंना."

मास्तरांच्या हातातला टाक तसाच राहिला. पान एकोणीस. त्यांना वाटत होतंच, काहीतरी चुकलं असणार. मात्र इतकी वर्षं ते वेलांट्या तपासत बसले होते.

त्या दिवशी मास्तरांनी पत्र लिहिलं नाही. मित्राच्या खाटेचा प्रश्न होता. नंतरचे पंधरा दिवस हैबतराव नवरदेवासारखे राहिले. धुतलेलं धोतर नेसून अंगणात बसत, येणाऱ्याजाणाऱ्याचा रामराम घेत आणि "कवाचा मुहूर्त?" असं कोणी विचारलं की आभाळाकडे बघून म्हणत, "गुन जुळाय पायजेत."

मास्तर मात्र गेणू दिसला की गल्ली बदलत. आणखी दोन कार्डं आली. एकात 'फासे तयार आहेत' असं होतं, दुसऱ्यात फक्त 'आम्ही अजून थांबलो आहोत'. गावाला त्या मुलीकडच्यांची कीव यायला लागली.

कीव गावातच थांबली असती तर बरं होतं. ती एसटीत बसून घोटावड्याला गेली, आणि एका सोमवारी सकाळच्या गाडीने कुशाबा नावाचे गृहस्थ आपल्या विधवा बहिणीला, तुळजाबाईला घेऊन कोळवणात उतरले. कोळवणचा एक पट्टेकरी लग्नाला उभा आहे, वयाची अट नाही आणि पुण्याची पार्टी रेंगाळते आहे, असं त्यांना कळलं होतं. त्यांनी थेट मास्तरांचं घर गाठलं, कारण मध्यस्थ म्हणून नाव मास्तरांचंच झालं होतं.

"मी मध्यस्थ नाही," मास्तर म्हणाले.

"सगळे आदी आसंच म्हनत्यात," कुशाबा म्हणाले आणि मास्तरांना दंडाला धरून पुढे घातलं.

हैबतरावांच्या अंगणात भागूबाईने सतरंजी अंथरली, पोहे केले. तुळजाबाई पंचावन्नच्या घरातली, उंच आणि खणखणीत बाई होती. तिने पोहे बाजूला ठेवले आणि हैबतरावांना नीट निरखून पाहिलं. हैबतरावांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला.

"दात किती हायेत?" तिने विचारलं.

हैबतरावांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पोह्यांकडे पाहिलं.

"चावायपुरतं हायेत," हैबतराव म्हणाले.

"आन ती पुन्याची? दार फोडती म्हनं?"

"आजून ठरलं न्हाई."

"मी न्हाई फोडत. मी कडी काढून येते." तुळजाबाईने पाय दुमडले. "बरं, पट्टा फिरवता म्हनं. फिरवून दावा. माजं मालक लाठी खेळायचं. मला कळतंय त्यातलं."

आता अंगणात निम्मं गाव होतं. हैबतराव उठले, आत गेले, आढ्याला अडकवलेला पट्टा काढून आले आणि मुठीत हात घातला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग सपकन आवाज आला, आणि पुन्हा आला, म्हणून त्यांनी ते उघडले. म्हातारा खरंच फिरत होता. एक फेरा, दोन फेरे. पात्याची लकाकी डोक्यावरून पायाशी उतरली आणि पायाशी बसलेलं कोंबडं उडालं. मास्तरांना वाटलं, पान एकोणीस अगदीच खोटं नव्हतं. तिसऱ्या फेऱ्याला मात्र कमरेत काहीतरी वाजलं आणि हैबतराव होते तसेच वाकडे राहिले. पट्टा सुटला नाही, माणूस सरळ झाला नाही.

चौघांनी त्यांना उचलून आत नेलं. तुळजाबाई त्यांच्यामागे उंबऱ्यापर्यंत आली. "दोन फेरं सोन्यासारकं झालं," ती भागूबाईला म्हणाली. "पन बाय, ह्यांस्नी नवरी नगं. शेक पायजे." मग तिने पोह्यांची ताटली संपवली, विटेचा शेक कसा द्यायचा ते भागूबाईला समजावून सांगितलं आणि अकराच्या गाडीने भावाला घेऊन गेली.

लोक पांगल्यावर हैबतरावांनी मास्तरांना खाटेशी बोलावलं. "लिवून टाका मास्तर," ते कण्हत म्हणाले. "आज घोटावडं आलं, उद्या नांदं यील. माजी कंबर एवढ्या सोयरिकी सोसायची न्हाई. मी जातो पडवीत."

मास्तर मान खाली घालून घरी आले. दौत उघडली. दुपारभर बसून त्यांनी मायना लिहिला. मग दारात सावली पडली. भागूबाई होती. या वेळी पदर खोचलेला नव्हता.

"मास्तर, लिवताय न्हवं? कार्डावरच लिवा. गेणू वाचंल, सगळ्यास्नी कळंल ह्यो खेळ हाय म्हनून. मंग कुनी यायचं न्हाई."

मास्तर चकित झाले. "तुम्हाला कळलं होतं?"

"तिसऱ्याच दिशी. ताजभाबीनं गिरनीत सांगितलं सगळं."

ताजबी चुलीशी बसून भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मग चहा? खाट?"

भागूबाई उंबऱ्यावर टेकली. "खाट आत घेतली तवा भ्यानंच घेतली. लबाड बोलत न्हाई. पन म्हातारा आत आल्याला दिसला, की मला माजाच इचार पडला. बारा वर्सं त्या पडवीत शेरडं खोकली की उठून बगायचं, आन म्हातारा खोकला की मी कूस बदलायची. मंग कळल्यावर बी च्या चालूच ठिवला. म्हनलं, चार दिस नवरदेव होऊ दे. पट्टा फिरवंल ह्ये मला काय म्हाईत?" तिने उंबऱ्यावरची धूळ हाताने झाडली. "खाट आतच ऱ्हाईल. त्येंना आज सांगू नका, उद्या मी सांगंन. आज कन्हू दे, गप तरी पडत्यात. हं, लिवा आता गुन."

मास्तरांनी कार्ड घेतलं, पत्रातले रकाने तिला वाचून दाखवले आणि नेहमीसारखेच अडले. "बळ किती लिहू?"

"कुनी बगत आसंल तर पंधरा. घरात सा."

"एकच आकडा लागतो."

"मंग धा लिवा. चपळाई बारा, दोन फेरं म्या डोळ्यानं बगितलं. बुद्दी तेरा, पंधरा दिस सोंग निभावलं. शानपन…" तिने हात हलवला. "तितं चार लिवा. सत्तरीत पट्टा फिरीवला त्या मानसाला जास्त द्याचं न्हाई."

मास्तरांचा हात झरझर चालू लागला. इतकं सोपं होतं तर. "सोशिकपणा?"

"अठरा. माज्या हातची भाकर खाऊन जगलेत बारा वर्सं."

चुलीपाशी ताजबी खुदकन हसली. मास्तरांनी पावसाच्या विद्येपुढे 'वळचण जवळ असल्यास' असं बारीक अक्षरात लिहिलं, आणि पुस्तक छापल्यापासून पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं.

"आता शेवटचं. छाप. म्हणजे समोरच्या माणसावर कितपत प्रभाव पडतो."

भागूबाईने पदराने कपाळ पुसलं. "घोटावड्यासनं बाई यष्टीनं बगाय आली, आन जाताना शेक द्याला शिकवून गेली," ती म्हणाली. "सतरा लिवा. अठरा लिवलं तर म्हातारा चढंल."

तिने शाई वाळायची वाट पाहिली नाही. कार्ड मास्तरांच्या हातातून घेतलं, हवेत हलवत थांब्यावरच्या लाल पेटीपर्यंत गेली आणि आत टाकलं. आत पडल्याचा आवाज आला, तरी पेटीवर तिने दोन थापा मारल्या.