बोलकी टाकी

नव्या साहेबांनी सूत्रं हाती घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कंपनीतली एक गंभीर बाब त्यांच्या निदर्शनास आली. कंपनीचा एक प्रोग्राम कित्येक वर्षं विनातक्रार चालत होता.

प्रोग्रामचं काम एवढंच. लोकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक लहानसं यंत्र बसवलेलं असे. टाकी भरली की घरातल्या मोबाईलवर घंटी वाजे, आणि घरातलं कोणीतरी उठून पंप बंद करी. टाकी भरली नाही तर घंटी वाजत नसे. यापलीकडे त्या प्रोग्रामला कसलीही महत्त्वाकांक्षा नव्हती.

तो लिहिणाऱ्या प्रोग्रामरला ऑफिसात सगळे आजोबा म्हणत. आजोबांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. गुडघे शाबूत होते, डोक्यावर केस होते. पण त्या धंद्यात तिशी उलटलेल्या माणसाकडे लोक जुन्या पुलाकडे बघावं तसं बघतात. अजून उभा आहे याचं कौतुक असतं, पण वरून जायला कोणी धजत नाही. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. प्रोग्राम चालतोय, पगार होतोय, मग आपलं घोडं कुठे अडलंय, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब एका मोठ्या परिषदेला जाऊन आले होते. परिषदेहून परतलेल्या माणसाला मागे राहिलेल्यांची जी कीव येते, ती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"या प्रोग्रामवर किती माणसं काम करतात?"

"कोणीच नाही, साहेब. तो आपला चालतो."

"तक्रारी?"

"नाहीत."

"म्हणजे ग्राहकांचा आपल्याशी काही संवादच नाही," साहेब खेदाने म्हणाले. "परिषदेत प्रत्येकाची वस्तू बोलत होती हो. एकाचा फ्रिज बोलतो. एकाचा झाडू सल्ला देतो. मला विचारलं, तुमची टाकी काय बोलते? मी काय तोंड दाखवणार?"

"सांगायचं होतंत साहेब, आमची भरते म्हणून."

साहेबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. आजोबांना आपलं वय आठवलं.

दुसऱ्याच दिवशी टाकीला बोलकं करण्यासाठी एक मोठी टीम नेमण्यात आली. टीमचा म्होरक्या म्हणजे एक तरतरीत तरुण. त्याच्या कानांवर सदैव हेडफोन असल्यामुळे त्याला सगळे हेडफोनच म्हणत. त्याने आजोबांचा प्रोग्राम उघडून पाहिला आणि तो हळहळला.

"आजोबा, ही भाषा आता कोणी वापरत नाही."

"प्रोग्राम चालतोय की."

"चालतोय हो, पण कुठल्या भाषेत!"

म्हणून प्रोग्रामचे तुकडे करण्यात आले. पाणी मोजणारा तुकडा वेगळा, ते मोजल्याचं दुसऱ्या तुकड्याला कळवणारा वेगळा, आणि कळवल्याची पोच घेणारा तिसरा. प्रत्येक तुकड्याला एक गट मिळाला, गटाला प्रमुख मिळाला, आणि प्रमुखांना एकमेकांचं काही कळेना म्हणून रोज सकाळी बैठक सुरू झाली. बैठक लवकर आटपावी म्हणून ती उभ्याने घ्यायची, अशी आधुनिक पद्धत होती. ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाले. काहीजण भिंतीला टेकून डुलक्या घ्यायला शिकले.

सगळं काम एका नव्याकोऱ्या तंत्रावर उभं करायचं ठरलं होतं. ते उभं होत आलं, तेव्हा एका सकाळी हेडफोन सुतकी चेहरा करून बैठकीला आला.

"ते तंत्र गेलं," तो म्हणाला.

"अरेरे! कधी?" आजोबांनी मनापासून विचारलं.

"मंगळवारी. आता सगळे दुसऱ्यावर गेलेत."

मग टीमही दुसऱ्यावर गेली. भिंत पाडून गवंड्याने विटांचा रंग बदलावा तसं काम पहिल्यापासून सुरू झालं. इकडे साहेबांनी बोलक्या टाकीच्या उद्घाटनाची तारीख जाहीर केली, जाहिराती झळकल्या, आणि आदल्या दिवशी टाकीची चाचणी घेण्यात आली. साहेबांनी स्वतः विचारलं, "टाकी भरली का?"

टाकी म्हणाली, "फार सुंदर प्रश्न विचारलात! भरणं म्हणजे नेमकं काय, यावर अनेक मतं आहेत."

साहेबांनी पुन्हा विचारलं. टाकीने माफी मागितली आणि भरलेली टाकी रिकामी आहे असं ठणकावून सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेबांचं म्हणणं तिला पूर्णपणे पटलं, पण पाण्याविषयी तिने अवाक्षर काढलं नाही.

साहेबांची नजर फिरत फिरत आजोबांवर येऊन थांबली.

"तुम्हाला टाकीचं सगळं ठाऊक आहे. मराठी टायपिंगही चांगलं येतं ना?"

अशा रीतीने 'तात्पुरती व्यवस्था' अमलात आली. जुन्या खुर्च्या ठेवायच्या खोलीतून खुर्च्या हलवण्यात आल्या, एक तेवढी ठेवण्यात आली, आणि दारावर 'बुद्धिमत्ता कक्ष' अशी पाटी लागली. ग्राहकांनी मोबाईलवरून टाकीला काही विचारलं की आत बसलेल्या आजोबांनी उत्तर टाईप करायचं. बाहेर कुठे बोलायचं नाही.

"साहेब, ही फसवणूक नाही का?" आजोबांनी चाचरत विचारलं.

"फसवणूक कशी? बुद्धी तर वापरतोयच आपण. कोणाची, हा तपशील झाला."

टाकी पहिल्या दिवसापासून लोकप्रिय झाली. सुरुवातीला लोक टाकी भरली का एवढंच विचारत. आजोबा लिहीत, "अजून जरा वेळ आहे. तोवर चहा घ्या." लोकांना गंमत वाटे. मग कोणी विचारलं, चहात साखर घालू का, डॉक्टर नको म्हणालेत. आजोबांनी लिहिलं, डॉक्टरांचं ऐका. हळूहळू पाणी मागे पडलं. एक निवृत्त मास्तर टाकीला जुने विद्यार्थी कसे ओळख दाखवत नाहीत ते सांगू लागले. एका बाईंना जावेने नव्या पडद्यांना नावं ठेवलेली सलत होती. आजोबा मुळातच भिडस्त माणूस. 'मग काय झालं?' आणि 'तुम्हाला वाईट वाटणारच' ही दोन वाक्यं ते मनापासून लिहीत, आणि समोरचा माणूस मोकळा होई. वर्तमानपत्रांनी लिहिलं, यंत्र असूनही किती माणूसपण! साहेबांना पुढच्या परिषदेत शाल मिळाली.

मग साहेबांच्या लक्षात आलं की मन मोकळं करताना लोकांना एक गोष्ट खटकते. मध्येच घंटी वाजते, लोक पंप बंद करायला उठतात, आणि संवाद तुटतो. बैठकीत एकमताने घंटी काढून टाकण्यात आली. ज्याला टाकी भरली का हे जाणून घ्यायचं असेल त्याने टाकीला तसं विचारावं, असं ठरलं. आता बोलण्याच्या नादात ते विचारायचं भान कोणाला राहणार? गच्च्यागच्च्यांवरून पाणी वाहू लागलं. तक्रार मात्र एकही आली नाही, कारण तक्रारी टाकीकडेच करायच्या होत्या, आणि टाकी इतकी सुंदर माफी मागत असे की लोक उलट तिचीच समजूत काढत.

आजोबांच्या घरी मात्र वेगळीच तऱ्हा. दिवसभर परक्यांची सुखदुःखं ऐकून ते घरी येत तेव्हा त्यांचे कान भरलेले असत. बायकोने काही सांगायला सुरुवात केली की ते 'हं' म्हणत. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची. ती फोन करायची तेव्हाही ते 'हं' म्हणत. सुट्टीच्या दिवशीही मोबाईलवरून टाकीचं काम करावं लागे. एका हाताने आईचा फोन कानाला आणि दुसऱ्या हाताने जावेने नावं ठेवलेल्या पडद्यांची विचारपूस, असंही अनेकदा होई.

एके दुपारी बुद्धिमत्ता कक्षात एका नव्या ग्राहकाचा मजकूर आला.

"टाकीबाई, तू आमच्या गच्चीवर आहेस. माझ्या मुलानेच बसवलीय तुला. काल तू भरून वाहिलीस, जिन्यात पाणी आलं आणि मी घसरले. तुला दोष देत नाही हो. पाय सुजलाय. मुलाला सांगितलं नाही. त्याला कामं असतात."

आजोबांनी मजकुरावरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. मग त्यांनी लिहिलं, "आज्जी, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. शेजाऱ्यांना सोबत घ्या."

"तू म्हणतेस तर जाते. तू निदान दोन वाक्यं बोलतेस. मुलगा नुसता हं म्हणतो. गुणाचा आहे, पण त्याचं हं ऐकलं की मला वाटतं, मी चुकीच्या नंबरावर फोन लावलाय."

आजोबांनी लगेच आईला फोन लावला.

"आई, कशी आहेस?"

"ठणठणीत! मला काय झालंय?" आई म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. "आज मधेच फोन कसा रे? नोकरी गेली का तुझी?"

आजोबा तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दारावर टकटक केली नव्हती.

"साहेब, घंटी परत लावा. लोक पडतायत. माझी आई पडली."

साहेबांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. "आईंनी तक्रार नोंदवली का?"

"टाकीकडे केली."

"मग टाकीने काय केलं?"

"माफी मागितली. डॉक्टरकडे जायला सांगितलं."

"बघा!" साहेबांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात सेवा. पूर्वीच्या घंटीने एवढं केलं असतं का?"

पूर्वीच्या घंटीमुळे आई पडलीच नसती, हे आजोबांना जिना उतरताना सुचलं. पण तोवर साहेब बैठकीत उभे राहिले होते.

आजोबांनी मग नोकरीतली पहिली बंडखोरी केली. कोणाला न विचारता त्यांनी आपला जुना प्रोग्राम शोधून काढला आणि फक्त आईच्या घरापुरता चालू केला. भाषा मेलेली होती, पण घंटी पहिल्या झटक्यात वाजली. दोनच दिवसांत टाकीकडे आईची तक्रार आली. "मधेच ते ठणठण वाजतं आणि आपलं बोलणं तुटतं बघ. बंद करता येईल का गं?"

सुट्टीच्या दिवशी आजोबा आईकडे गेले. आई आरामखुर्चीत बसली होती, पाय स्टुलावर, पायाला पट्टी.

"दारात अडखळले जराशी," विचारण्याआधीच ती म्हणाली.

आजोबांनी खुर्ची जवळ ओढली. मोबाईल थरथरला, मास्तरांचा मजकूर होता. त्यांनी झटकन 'मग काय झालं?' लिहून टाकलं.

"आई, तुला एक खरं सांगायचंय. तू जिन्यात पडलीस. पाणी सांडलं होतं म्हणून. तू टाकीला सांगितलंस ना?"

"म्हणजे ती चुगली करते?" आईचा चेहरा पडला.

"चुगली नाही गं. ती टाकी बोलत नाही. आत मी बसलेला असतो. तुला उत्तरं मी देतो."

आईने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग ती खुदकन हसली.

"काहीतरीच बोलतोस. ती माझं सगळं ऐकून घेते. परवा तुझ्या बाबांच्या आजारपणाचं पहिल्यापासून सांगितलं तिला. एकदासुद्धा घाई केली नाही तिने."

"तो मीच होतो, आई."

"तू?" आई म्हणाली. "आल्यापासून चारदा मोबाईल बघितलायस."

बोलून काही पटेना म्हणून आजोबांनी पुराव्याचा मार्ग धरला. तिच्यासमोरच त्यांनी आपल्या मोबाईलवर टाईप केलं, "आई, मी समोर बसलोय. माझ्याशी बोल." आईचा मोबाईल वाजला. तिने चष्मा लावला, वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू उमटलं की आजोबांना वाटलं, सुटलो एकदाचे. आईने मान खाली घालून सावकाश काहीतरी लिहिलं. त्यांच्या हातातला मोबाईल थरथरला.

"किती गोड बोलतेस गं. पण आत्ता मुलगा आलाय. जरा वेळाने बोलू. तो काही फार वेळ थांबत नाही."

आजोबा उठून तिच्या पायाशी जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाईल पुन्हा थरथरला. जावेने आता सोफ्यालाही नावं ठेवली होती. एवढं एक उत्तर देतो आणि मग निवांत आईशी बोलतो, असं त्यांनी ठरवलं.

तुम्हाला त्यांचा राग आला असेल. साहजिक आहे. मघाशी हे वाचताना तुम्हालाही आतल्या खोलीतून कोणीतरी काहीतरी सांगत होतं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, हं.