पाच मिनिटांत बिल्डिंग रिकामी

उद्या जगबुडी झाली, तर या चार मजली बिल्डिंगमधून जिवंत बाहेर पडणारी पहिली व्यक्ती आपणच असणार, याबद्दल गुंडीच्या आईला तिळमात्र शंका नव्हती. दुसरी व्यक्ती गुंडी, कारण ती कडेवर असणार. तिसऱ्या क्रमांकाची खात्री मात्र देता येत नव्हती. तिसरा क्रमांक नवऱ्याचा होता, आणि त्याला पायातली चप्पल शोधायलाच सात मिनिटं लागत.

हा आत्मविश्वास हवेतून आलेला नव्हता. त्यामागे चौतीस सिनेमांचा अभ्यास होता. झालं असं, की तिच्या धाकट्या भावाचं डीव्हीडी भाड्याने देण्याचं दुकान एकदाचं बसलं आणि उरलेला माल त्याने दोन खोक्यांत भरून ताईच्या दारात आणून टाकला. एका खोक्यात भूकंप, महापूर, वणवे, ज्वालामुखी आणि बुडती जहाजं. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक संगीताचे व्हिडिओ. संसारात इतकी बिनबोभाट वाटणी क्वचितच होते. पहिलं खोकं तिने ओढलं, दुसरं नवऱ्याने.

गुंडी तेव्हा दोन महिन्यांची होती. दुपारी ती झोपली, की आई टीव्हीचा आवाज बंद करून, मांडीवर वही घेऊन रोज एक आपत्ती बघायची. आवाज नसल्यामुळे कोण काय बोललं ते कळत नसे, पण कोण मेलं ते स्वच्छ कळायचं, आणि अभ्यासाला तेवढं पुरे होतं. वहीत नियम साठत गेले. हात झटकून ‘काही होत नाही’ असं सांगणारा जाडा माणूस पहिल्या अर्ध्या तासात जातो. लिफ्टमध्ये शिरणारा जातो. विसरलेली वस्तू आणायला परत आत जाणारा तर जातोच, त्याच्यासाठी थांबलेलाही जातो. कुत्रा कधीच जात नाही.

शिवाय प्रत्येक सिनेमात एक शास्त्रज्ञ असे. तो सुरुवातीलाच जीव तोडून सांगत असे आणि त्याचं कोणी ऐकत नसे. तो दिसला की तिला भरून यायचं. ती स्वतः सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत ती जंतू मोजायची, आणि सासर-माहेर मिळून तिचंही कोणी ऐकत नव्हतं.

नवऱ्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्यांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, आणि हा चौथ्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये खिडकीशी टेबल मांडून, समोर टीव्ही लावून दात घासत बसायचा. स्वतःचे नव्हे, गिऱ्हाइकांचे. टीव्हीवर दुसऱ्या खोक्यातला माल. त्याला गाणं म्हणावं, तर कोणी गात नाही. एक माणूस डोक्यावर पत्र्याचा डबा घालून वाळवंटातून चालतोय. चालता चालता त्याचे चार होतात, चाराचे सोळा, आणि शेवटी सगळ्यांचे त्रिकोण. मागे अखंड ढुप-ढुप-ढुप, आणि मधूनच एक आवाज असा काही चढत जातो, की कुकरची शिट्टी, रुग्णवाहिका आणि पिसाळलेला डास एकत्र कुटुंबात नांदत असावेत. गुंडी या डबेमुंडक्यावर बेहद्द खूश होती. तो आवाज चढू लागला, की ती बसल्या जागी ढुंगणावर उड्या मारायची.

बिल्डिंग मात्र खूश नव्हती. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून सकाळी झोपायच्या. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या काकूंची तक्रार होती, की त्या ढुप-ढुपच्या तालावर पाय पडून मशीन पळतं आणि ब्लाउजच्या बाह्या लांबतात. शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी नवऱ्याकडून ‘यापुढे हेडफोन लावूनच ऐकेन’ अशी हमी लिहून घेतली आणि सूचनाफलकावर डकवली. त्याला दहा दिवस झाले होते. दहा दिवस सोळाही घरं शांत झोपत होती.

झोप उडाली होती ती एकट्या गुंडीच्या आईची. सोमवारी तिची रजा संपत होती. म्हणजे सोमवारपासून अकरा महिन्यांची पोर दिवसभर या माणसाच्या हवाली, कानाला हेडफोन, नजर कुणाच्या तरी दाढेवर. आग लागली तर याला कळणार कधी? धूर नाकात गेल्यावर. तिने राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं आणि नवऱ्याला अट घातली. आपण सराव घेऊ. अख्खी बिल्डिंग, गुंडीसकट, पाच मिनिटांत खाली उतरली तर मी सोमवारी कामावर जाते. नाही उतरली तर हे पत्र जातं आणि मी घरी बसते. नवरा म्हणाला, तुला नोकरी आवडते ना? ती म्हणाली, फार आवडते, म्हणूनच परीक्षा कडक हवी.

परीक्षा घेण्याचा अधिकार तिच्याकडे होताच. गेल्या सभेत अध्यक्षांनी सुरक्षाप्रमुख कोण होणार असं विचारलं, तेव्हा लिफ्टबद्दल तक्रार करायला तिने हात वर केला होता. टाळ्या पडल्या आणि ती प्रमुख झाली. बिल्डिंगमध्ये आगीचा भोंगाही गेल्याच महिन्यात बसला होता. नियम होता म्हणून बसला, वाजलेला कोणी ऐकला नव्हता. तिने रीतसर सूचना लावली. भोंगा वाजताच जिन्याने खाली येऊन सायकल स्टँडपाशी जमावे, लिफ्ट वापरू नये, वगैरे. बारीक अक्षरात चार पानं. दिवस-वेळ मात्र तिने नवऱ्यालाही सांगितली नाही. भूकंप काही आधी फोन करून येत नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता, कोपऱ्यावर जाऊन येते असं सांगून ती खाली उतरली. गुंडीला मुद्दाम वर ठेवलं. परीक्षा नवऱ्याचीच तर होती. एका हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. मीटरच्या खोलीत जाऊन तिने लाल बटण दाबलं.

भोंगा असा काही केकाटला, की समोरच्या झाडावरचे कावळे पलीकडच्या गल्लीत राहायला गेले. ती धावत सायकल स्टँडपाशी जाऊन उभी राहिली. पहिलं मिनिट गेलं. कोणी नाही. दुसऱ्या मिनिटाला दारं उघडल्याचे आवाज आले आणि तिच्या जिवात जीव आला. जिन्याला जाळीच्या खिडक्या होत्या, त्यातून माणसं दिसू लागली. गळ्यात टेप घातलेल्या शिलाईवाल्या काकू. एका गालावर दाढीचा साबण असलेले अध्यक्ष. केस पिंजारलेल्या नर्सबाई. सगळे लगबगीने निघाले होते.

फक्त वर.

तिने डोळे चोळले. पहिल्या मजल्यावरचे दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचे तिसऱ्यावर, एकामागून एक सगळे वरच चढत होते. ज्या गुडघ्यांपायी अध्यक्षांनी गेल्या तीन सभा स्वतःच्याच घरात भरवल्या होत्या, ते गुडघे दोन-दोन पायऱ्या घेत होते. माणसं वर कधी पळतात? पाणी येतं तेव्हा. सात सिनेमांत ते तिने पाहिलं होतं. तिने चटकन मागे वळून रस्त्याकडे बघितलं. लाट येत नव्हती. एक माणूस स्कूटर पुसत होता.

आणि गुंडी वर होती. परत आत जाणाऱ्याचं काय होतं, हे तिच्याइतकं जगात कोणाला ठाऊक नव्हतं. ती परत आत गेली.

वर काय चाललं होतं ते तिला तिसऱ्या मजल्यावरूनच ऐकू येऊ लागलं. भोंगा कसा वाजतो ते कोणालाच माहीत नव्हतं, पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या टीव्हीतून काय वाजतं ते सगळ्यांना पाठ होतं. दहा दिवस शांत झोपलेली बिल्डिंग एका माणसासारखी उठली होती आणि तक्रार घेऊन दारात उभी राहिली होती. अध्यक्षांनी जाता जाता फलकावरची हमी फाडून आणली होती. बऱ्याच धक्क्यांनंतर नवऱ्याने दार उघडलं. कानावर हेडफोन, हातात कुणाचा तरी वरचा जबडा, पायाशी आनंदाने उड्या मारणारी गुंडी.

“ही सही तुमचीच ना?” अध्यक्षांनी कागद त्याच्या नाकासमोर धरला.

“काय?” नवरा म्हणाला.

“आवाज बंद करा.”

“कुठला आवाज?”

शिलाईवाल्या काकूंनी पुढे होऊन त्याच्या कानावरचे हेडफोन उपटले. नवऱ्याने मान तिरकी करून क्षणभर ऐकलं. त्याचा चेहरा उजळला.

“छान आहे की,” तो म्हणाला. “कोणाचं आहे?”

इथे त्याच्या जिवाला खरा धोका निर्माण झाला होता. पण काकूंनी आधी आत घुसून टीव्हीची पिनच ओढली. डबेमुंडका सोळाच्या सोळा तुकड्यांनिशी गेला. आवाज तसाच चालू.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नर्सबाईंची नजर जिन्याच्या छताकडे गेली. तिथे भोंग्यासोबत बसवलेला लाल दिवा लुकलुकत होता.

“अहो, आग आहे,” त्या अगदी हळू म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते गुंडीच्या आईने गर्दीच्या मागून, अर्ध्या जिन्यात उभं राहून, दोन डोक्यांच्या फटीतून पाहिलं. नर्सबाईंनी एका झेपेत गुंडीला उचललं आणि तिचं तोंड स्वतःच्या खांद्यात दाबलं. काकूंनी दारामागचा टॉवेल खेचून मोरीत भिजवला आणि पोरीभोवती गुंडाळला. अध्यक्ष हात पसरून जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि सगळ्यांना भिंतीला चिकटायला लावून ओरडले, की आधी पोर खाली जाईल, मग बाकीचे. नवरा तेवढ्यात ‘तिची टोपी’ म्हणत आत वळला होता. काकूंनी त्याची कॉलर धरली.

“टोपी दुसरी शिवीन मी. चल मुकाट्याने.”

अर्धा जिना उतरल्यावर या वरातीची आणि गुंडीच्या आईची समोरासमोर गाठ पडली. सगळ्यांनी एकदम विचारलं, खाली किती पेटलंय? तिने हातातलं स्टॉपवॉच बंद केलं. तीन मिनिटं बावन्न सेकंद.

“आग नाहीये,” ती म्हणाली. “सराव आहे. भोंगा मी वाजवला.”

“कसला सराव?” अध्यक्षांनी विचारलं.

“खाली यायचा.”

भोंग्याच्या त्या कल्लोळातसुद्धा शांतता पसरल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं. तिने चाचरत चार पानी सूचनेची आठवण करून दिली. चार पानं कोण वाचतं, असं नर्सबाई म्हणाल्या, आणि आपल्याला झोप लागून वीसच मिनिटं झाली होती हेही म्हणाल्या. गुंडी त्यांच्या खांद्यावर ओल्या टॉवेलमध्ये अळूवडीसारखी गुंडाळलेली होती आणि नाच थांबवल्याबद्दल संतापली होती. बरं, आता तो बंद तरी करा, असं अध्यक्षांनी सांगितलं. तेव्हा तिला आठवलं, की बटणाने भोंगा नुसता सुरू होतो. बंद करायची किल्ली वायरमनच्या खिशात असते. वायरमन दुसऱ्या गावी होता. यायला दीड तास लागणार होता.

आता दीड तास काय करणार? आवाज सगळ्यात कमी चौथ्या मजल्यावर, खिडक्या लावून बसलं तर. त्यामुळे अख्खी बिल्डिंग तिच्याच हॉलमध्ये येऊन बसली. कोणी सतरंजीवर, कोणी जबड्यांची खोकी सरकवून टेबलावर. नवऱ्याने वातावरणाला शोभेल म्हणून तिच्या खोक्यातला एक महापूर लावला. भोंग्यासकट तो फारच परिणामकारक झाला. पडद्यावर माणसं जिवाच्या आकांताने गच्चीकडे धावत होती, आणि चौथ्या मजल्यावरच्या खुर्चीत बसलेले अध्यक्ष, गालावरचा वाळलेला साबण खरवडत, हळहळून म्हणाले, “मूर्ख आहेत लेकाचे. वर काय पळतात?”

गुंडीच्या आईने कोपऱ्यात बसून वहीत निकाल लिहिला. खाली उतरलेली माणसं : शून्य. नवरा शेजारी येऊन डोकावला.

“म्हणजे नापास?”

“सपशेल.”

“मग पत्र पाठवायचं?” त्याने हळूच विचारलं. दिवसभर बायको घरी आणि रोज दुपारी एक ज्वालामुखी, हे बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर आलं असावं.

तिने समोर पाहिलं. गुंडी नर्सबाईंच्या मांडीवरून काकूंच्या मांडीवर गेली होती, आणि काकू त्या दंग्यातही टेपने तिच्या डोक्याचा घेर मोजत होत्या. टोपीसाठी.

“आग लागली असती तर तू गेला असतास,” ती म्हणाली. “पण पोरीला यांनी केव्हाच खाली नेलं असतं.”

तिने राजीनाम्याचं पत्र आणलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला नवऱ्यासाठी सूचना लिहिली. या वेळी एकच ओळ : काहीही झालं तर हेडफोन काढ आणि डबेमुंडक्याला पूर्ण आवाजात लाव, चार मिनिटांच्या आत बाकीची पंधरा घरं दारात येतील. तो कागद तिने टीव्हीवर चिकटवला. नवऱ्याने तो दोनदा वाचला आणि लग्नानंतर प्रथमच तिच्याकडे निव्वळ आदराने पाहिलं.

सोमवारी ती निघाली. निरोपाची तयारी कडेकोट होती. ताटातुटीचे प्रसंग चौतीसही सिनेमांत होते. लेकरू आकांत करतं, इवले हात पसरतं, आई वळून वळून बघते. तिने तीन रुमाल घेतले होते आणि रडारडीसाठी हाताशी अर्धा तास ठेवला होता. दारात उभी राहून ती म्हणाली, “येते हं, बाळा.” गुंडी जमिनीवर बसून एका गृहस्थांचा खालचा जबडा दुसऱ्या गृहस्थांच्या वरच्या जबड्यात बसवत होती. तिने मान वर केली नाही. आई जिन्यापर्यंत जाऊन परत आली. “येते हं.” काही नाही. तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा गुंडीने काम थांबवलं, आईकडे नीट बघितलं, रांगत रांगत दारापर्यंत आली आणि दोन्ही हातांनी दार लोटून घेतलं.

ही आपत्ती एकाही डीव्हीडीत नव्हती. राखून ठेवलेली अर्ध्या तासाची रडारड मग तिला एकटीलाच, जिन्यात बसून उरकावी लागली.