वितळल्यावर किती?

बर्फाचा गोळा हातात आला की माणूस काय करतो? चोखतो. आमच्या शेजारचे मल्लप्पाअण्णा तो ताणकाट्याला टांगायचे. वजन झालं की गोळा पितळी वाटीत ठेवायचा आणि मांडी घालून त्याच्यासमोर बसायचं, पाणी होईपर्यंत. मग ते लालभडक गोड पाणी माझ्या अबोलीच्या बुडाशी ओतून द्यायचं. मुंग्या लागल्या की निस्तरायच्या मी.

आधीच सांगते, मला या माणसाचा राग यायचा. अजून येतो. आम्ही जळकोटची माणसं. बर्फ बघितला तो दूध सोसायटीतला, भुशात गुंडाळलेला. यांनी मात्र उभी हयात हिमालयात काढली, सरकारी बर्फमोजणीच्या तुकडीत. लांब नळी बर्फात खुपसायची, बर्फासकट वर ओढायची आणि काट्याला लावायची. त्यावरून उन्हाळ्यात नदीला पाणी किती येणार ते काढायचं म्हणे.

"गुडघाभर ताजं बर्फ वितळलं तर चार बोटं पानी, अक्का," ते मला सांगायचे. "जुनं, बसल्यालं असलं तर वीतभर. दिसतंय तेवढं नसतंय."

"तिकडच्या नद्या मोजत बसलात," मी म्हणायचे, "आणि हितं तुमची बायको कोरड्या आडात वाकून वाकून म्हातारी झाली."

ते काटा पुसत बसायचे.

त्यांची बायको गंगव्वा माझी जिवाची मैतरीण. दुष्काळ असो नसो, हंड्यावर कळशी घेऊन मैलभर चालायची. टाळूवरचे केस गेले होते तिचे. तिला एकच हौस होती, नवरा सांगतो तो बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा. सुट्टीवर आला की विचारायची. हा म्हणायचा, "औंदा थंडी लई हाय, पुढल्या साली नेतो." थंडी नसलेला बर्फ कुठून आणणार होता हा शहाणा, देव जाणे. ती तापानं गेली तेव्हा हा वर डोंगरात. मातीलासुद्धा पोचला नाही. नंतर नोकरी सोडून आला, सोबत तो मेला काटा.

आल्यापासून गावात एकच पालुपद. सोसायटीच्या सभेत चेअरमननी नळ योजनेचं भाषण ठोकलं, घरोघरी तोट्या येणार म्हणाले. टाळ्या थांबल्यावर मागनं अण्णांचा आवाज, "वितळल्यावर किती, च्यारमन?" सभा हसून लोळली. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेल्यांनी मुलाची शेती सांगितली, तर तिथंही तेच. सोयरीक मोडता मोडता राहिली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं तेव्हा.

ते जास्त दिवस टिकलं नाही, कारण दुष्काळ टिकला. टँकर आला तर आला. आमची म्हैस गाभण, दिवस भरलेले, आणि अण्णा एकटा जीव. आपल्या वाटणीची एक घागर ते न चुकता माझ्या म्हशीपुढं आणून ठेवायचे. एवढं एक मात्र होतं.

मग चैत्रात एका दुपारी टँकर आलाच नाही, आली गार. पत्रे फुटतील अशी. थांबली तेव्हा सोसायटीच्या फरशीवर ढीग लागला होता. बायका सुपं, टोपल्या घेऊन धावल्या. घागरी शिगोशीग भरल्या आणि दोघीतिघी तुझी का माझी करत भांडायला लागल्या. अण्णा मध्ये उभे, "भांडू नगा, घागरीवर डोंगर दिसतोय तो निम्मा वाराच हाय." कोण ऐकतंय. त्यांनी आपली घागर भरली, खांद्यावर घेतली आणि माझ्या गोठ्याकडं जायचं सोडून गावाबाहेरचा रस्ता धरला.

माझं डोकं फिरलं. म्हैस जीभ काढून उभी आणि हा चालला कुठं? "अण्णा, घागर हिकडं आणा," ओरडत मी मागं गेले. गडी वळून बघेना. लिंगायतांच्या रुद्रभूमीत शिरला, जिथं ते आपली माणसं पुरतात. मी पोचेपर्यंत घागर पालथी झाली होती. गंगव्वाच्या समाधीवर गारा पसरून तो त्या तळहातानं सारख्या करत होता, अंथरुणाची सुरकुती काढावी तशा.

"हे जाड हाय," तो मातीला सांगत होता. "तिकडलं भुरभुरीत असतंय, पिठावानी. पर रंग ह्योच."

काटा खांद्याला तसाच लटकत होता. त्याला त्यानं हात लावला नव्हता.

मला रडू आलं आणि त्याचाही रागच आला. "जित्तेपणी न्यायला काय झालं होतं हो?" मी म्हणाले. "आणि आता एवढ्या पाण्याची माती केली. वितळल्यावर किती झालं असतं, तुम्हीच सांगा."

कडेला घरंगळलेली एक गार उचलून त्यांनी परत जागेवर बसवली.

"वितळल्यावर पानीच की, अक्का," ते म्हणाले. "पानी तर तिनं जलमभर डोक्यावर वाह्यलं. आज बर्फ बघू द्या."