पांझरेकाठचा पाहुणा

रविवारी सकाळी अभिमन पाटील ओट्यावर दाढी करत होता. तेवढ्यात एक रिकामा टेम्पो मागे मागे येत त्याच्याच दाराशी थांबला. त्यातून आधी दोरखंड, मग गोणपाटं आणि शेवटी त्याचे थोरले भाऊ तोताराम उतरले.

"चाल, बांध सामान," तोताराम म्हणाले. "तुले घ्याले आलो."

अभिमन मूळचा जामनेरकडचा, पण बारा वर्षांपासून धुळ्याला, पांझरा नदीकाठच्या देवपुरात शाळामास्तर. इथले लोक 'शे' म्हणत आणि हा 'आहे' म्हणे, म्हणून गल्लीत तो परका. गावी गेला की याच्याच तोंडून चुकून 'शे' निसटे आणि पारावरची मंडळी हसत, म्हणून तिथेही परका. या तगमगीवर तो कविता करी. त्यातलीच एक त्याने गेल्या आठवड्यात रेडिओवर म्हटली होती:

पांझरेच्या काठी मी परका पाहुणा,
कुणी न्या रे मला केळीच्या गावा पुन्हा.

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला होता. खरं तर त्याला खोकल्याची उबळ आली होती.

"सगळ्या गावानं ऐकलं," तोताराम सांगू लागले. "तुही वहिनी तं जेवली नाही. म्हने, लेकरू तिकडे झुरून राह्यलं अन् तुम्ही इकडे कपाशी मोजता. गोठ्याजवळ तुह्यासाठी खोली काढली. चुनाबी मारला."

"भाऊ, ती कविता आहे."

"मंग? खोटं लिहिलं का?"

कविता काळजातूनच यावी लागते, असं अभिमन वर्गात मुलांना सांगत आला होता. आता 'खोटं' म्हणायला त्याची जीभ रेटेना. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून त्याने आत पाहिलं. त्याची बायको कुंदाबाई चहा घेऊन दारात उभ्याच होत्या.

"खोली काढली, फार चांगलं केलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण कविता यांनी लिहिली. सामान मी नाही बांधणार."

अभिमनला परीक्षा आठवली. पेपर तपासून दिल्याशिवाय शाळा सोडणार नाही, असं त्याने सांगितलं. तोताराम टेम्पोवाल्याला म्हणाले, "जाय तू परत," आणि वहाणा काढून घरात आले.

पेपर संपले की जावं लागणार, म्हणून अभिमन एकेक उत्तर दोनदोनदा वाचू लागला. रात्री झोप येईना, दिवसा लाल पेन हातात धरून येरझाऱ्या. शुद्धलेखनाच्या चुकांवर त्याने इतका विचार जन्मात केला नव्हता.

तोताराम मात्र पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वना वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सार्वजनिक नळावरचं बायकांचं भांडण मिटवलं. मग कुणाच्या गायीला अपचन झालं, कुणाच्या मुलासाठी स्थळ हवं होतं. सकाळी दाराशी हाका सुरू व्हायच्या, "तोतारामभाऊ शेतस का घरमा?" अभिमनने बारा वर्षं वनाकडून चहापत्ती घेतली होती, पण वनाला लग्नाची मुलगी आहे, हे त्याला भावाकडून कळलं. तिच्या लग्नाच्या मांडवापासून आचाऱ्यापर्यंतचा भार भावाने घेतलाय, हेही.

पेपर शेवटी संपलेच. शाळेला सुट्टी लागली. आता स्पष्ट सांगून टाकायचं, असं ठरवून अभिमन भावासमोर बसला. "भाऊ, रागावू नका. मला गावी..."

"हा, तेच सांगतो," तोताराम म्हणाले. "एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप आला. केळी कापाले आली. व्यापाऱ्याचा ट्रक येनार, घरचं मानूस पाहिजे. अन् मले तं हालता येत नाही. वनानी पोरनं लगीन शे."

"शे?"

"मंग? तू जा. तुले जायचंच होतं."

कुंदाबाईंनी एक पिशवी भरून दिली. एवढं सामान मात्र त्यांनी आनंदाने बांधलं.

गावी बेबावहिनींनी त्याला चुना मारलेल्या खोलीत नव्या चादरीवर बसवलं. घरादाराला पितळी पेल्यात चहा, याला कपबशी. "इथलं पानी तुम्हाले बाधलं तं?" म्हणून पाणी उकळून. मळ्यात त्याने केळीचा घड उचलायला हात घातला, तर गडी म्हणाला, "र्‍हाऊ द्या. तुम्ही सावलीत बसा." पारावरची पोरं त्याला 'धुळेवाले काका' म्हणू लागली.

"वहिनी, मी इथलाच आहे हो," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"हो ना," बेबावहिनी म्हणाल्या. "म्हनून तं म्हनते, पाव्हन्यानं लाजू नये. घ्या अजून एक पोळी."

शेवटी हट्टाने त्याने घड वाहिलेच. दोन दिवसांत मान दुखायला लागली, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग पडले, तोंड रापून निघालं. ट्रक भरून गेला तसा डोक्याला रुमाल बांधून, एक घड खांद्यावर घेऊन तो धुळ्याच्या एस.टी.त बसला. का कोण जाणे, पारोळा मागे पडल्यावर त्याला पांझरेचा पूल कधी दिसतो असं झालं.

गल्लीत मांडव घातला होता. तोंडाशीच खाटेवर गिरधर आबा बसले होते. अभिमन रोज शाळेत जाताना त्यांच्या दारावरून खाली मान घालून जात असे. आबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"कोनकडे जावानं शे, भाऊ?"

अभिमनने बोट दाखवलं. "त्या... शेवटच्या घरात."

"म्हनजे तोतारामभाऊकडे. तुम्ही त्यासना भाऊ शेतस का?"

अभिमनने घड खाली ठेवला. बारा वर्षांचं भाडं, बारा वर्षांची शाळा, सगळं ओठांवर येऊन परत गेलं.

"हो," तो म्हणाला. "त्यांचाच."

"मंग उभा काय? बठा," आबा सरकून म्हणाले आणि मांडवाकडे बघून त्यांनी चहा मागवला. खाटेवर त्याच्यासाठी जागा झाली, कुणी घड आत नेला, कुणी पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. अभिमनने चहाचा पहिला घोट घेतला. या गल्लीत घराबाहेर प्यायलेला तो त्याचा पहिला चहा.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं कधीमधी येत जा, भाऊ. परकं समजू नका."

"येत जाईन," अभिमन म्हणाला.