अंगठे धरा, मास्तर

अवधूत टिपणीसला राग येत नसे, आणि त्यात त्याच्या स्वभावाचं श्रेय काही नव्हतं. रागवायला जी ताकद लागते ती इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमधल्या कंपनीने आठ वर्षांत थोडी थोडी करून काढून घेतली होती. घरी आला की तो सोफ्यावर बसे आणि बसल्या जागी विरघळे. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, उर्वीने, भिंतीवर पेनाने घोडा काढला तेव्हाही तो "मागचे पाय छान आलेत" एवढंच म्हणाला होता.

अशा माणसाला शाळेने कडक मास्तर नेमावं, हे आक्रीतच. झालं असं की उर्वीच्या शाळेची इमारत १९१० सालची. म्हणून तिच्या वर्गाने एक दिवस त्या काळची शाळा भरवायची, पाटीवर लिहायचं, रांगेत चालायचं आणि एका पालकाने त्या काळचा मास्तर व्हायचं, असं ठरलं होतं. शाळेच्या ॲपवर फॉर्म आला तेव्हा अवधूत मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपला होता. त्याने फॉर्म न वाचता तळापर्यंत सरकवला, 'येस' दाबलं आणि मोकळा झाला.

दोन दिवसांनी वर्गशिक्षिका मिस हार्परचे आभार आले. अवधूतने जेवताना उर्वीला सांगून टाकायचं ठरवलं, की बाई गं, माझ्याकडून चूक झाली. पण उर्वी आधीच बोलून बसली होती.

"बाबा, मी सगळ्यांना सांगितला. माझा बाबा रिअली स्ट्रिक्ट आहे."

"कोण? मी?"

"मग काय सांगू? तू टायर्ड आहे म्हणून?"

अवधूतने बायकोकडे पाहिलं. कस्तुरी हॉस्पिटलमधली ड्यूटी करून आली होती, ती काही मदतीला येणार नव्हती. तिने शांतपणे यादी वाचली. स्पोर्ट्स डेला कंपनीच्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, ख्रिसमसच्या नाटकाला चालू सिस्टिममध्ये काहीतरी बंद पडलं होतं, आणि पॅरेंट्स ईव्हनिंगला तो फोनवरून आला होता. "या वेळी तिने स्वतःहून तुझं नाव मिरवलंय," ती म्हणाली. "आता मागे सरलास तर ती पुन्हा मिरवणार नाही." अवधूतने भात कालवला.

मग शाळेचे नियम आले. मास्तरने छडी आणायची नाही, खोटीसुद्धा नाही. पोरं घाबरतील असं ओरडायचं नाही. कुणाला कोपऱ्यात उभं करायचं नाही. हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. एवढं सगळं वजा केल्यावर कडकपणात फक्त मिशी उरत होती.

रविवारी सकाळी त्याने साताऱ्याला वडिलांना फोन लावला. दीनानाथ टिपणीसांनी पस्तीस वर्षं शाळा शिकवली होती. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, आपले वडील त्याच सुमारास गावच्या शाळेत शिकत होते. एकदा पोरांनी पंतोजींच्या बैठकीवर खाजकुइली पसरली. पंतोजी खाजवत खाजवत उठले, पण कुणी केलं हे विचारलं नाही, सगळ्या वर्गाला अंगठे धरायला लावले.

"पायाचे अंगठे," दीनानाथ म्हणाले. "हात लावायचा नाही, ओरडायचं नाही. पाच मिनिटांत वर्ग गार. पण आधी हजेरी घे बरं का. हजेरी झाल्याशिवाय शाळा भरली असं पोरांना वाटतच नाही."

उर्वीला त्यातलं 'हजर' फार आवडलं. दिवसभर ती घरात प्रत्येक प्रश्नाला हजर म्हणत हिंडली.

जुनी शाळा भरायची होती त्या गुरुवारची रजा तीन ईमेलांनंतर मिळाली. कस्तुरीने आयब्रो पेन्सिलने मिशी काढली. लेस्टरच्या मराठी मंडळाने गणपतीत स्पीकर जोडून दिल्याबद्दल अवधूतला पुणेरी पगडी घातली होती, ती कपाटातून निघाली. काळा कोट लग्नातला होता आणि त्याचं बटण लागायला आता राजी नव्हतं. आरशात पाहून अवधूतला स्वतःचीच थोडी भीती वाटली, आणि तेवढ्यावर तो निघाला.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. टोप्या आणि पांढरे एप्रन घातलेल्या तीस पोरांनी खणखणीत 'हजर' म्हटलं. उर्वी ताठ मानेने बसली होती. मग दुसऱ्या रांगेतला ऑलिव्हर शेजाऱ्याशी कुजबुजला. अवधूतने त्याला पुढे बोलावलं आणि सातारी खर्जात अंगठे धरायला सांगितलं.

ऑलिव्हर शनिवारी जिम्नॅस्टिक्सला जात असे. तो वाकला, अंगठे धरले, डोकं गुडघ्यांमधून मागे काढलं आणि वर्गाकडे पाहून उलटा हसला. लगेच एक हात वर झाला. "सर, मी पण बोलले." दुसऱ्याने खिशातलं च्युइंगम दाखवलं. एका मुलीने गेल्या वर्षीचा गुन्हा कबूल केला. बघता बघता बावीस पोरं अंगठे धरून उभी होती आणि उरलेली, आपण काय केलं म्हणजे आपल्यालाही मिळेल, असं विचारत होती. एकटी उर्वी जागेवर होती. सोफ्यावरच्या बापाकडे ती ज्या हिरमुसल्या नजरेने बघे, त्याच नजरेने ती आता पाटीकडे बघत होती.

एवढ्यात पुढच्या गुबगुबीत हॅरीचं तोंड उतरलं. त्याचे हात गुडघ्यांच्या खाली जाईनात. "सर, कसं करायचं? दाखवा ना," तो म्हणाला, आणि मागून मिस हार्परने उत्तेजनार्थ मान हलवली.

अवधूत वाकला. अंगठे हाताला लागले, याचं त्याला क्षणभर कौतुकही वाटलं. मग कमरेत कट् असा बारीक आवाज झाला आणि उसण भरली. त्याला वर येता येईना. पगडी सुटून घरंगळत गेली आणि दारात दोन चकचकीत बुटांपाशी थांबली. शाळेच्या मुख्याध्यापिका फेरीवर आल्या होत्या.

पोरं एकेक करून सरळ झाली. मास्तर स्वतःच अंगठे धरून उभा आहे म्हटल्यावर प्रकरण गंभीर दिसत होतं. वर्ग पहिल्यांदाच गार झाला. हे काय चाललंय, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. अवधूतला फक्त बूट दिसत होते. त्यातला एक लहानसा जोड पुढे आला. एका बुटाची नाडी सुटली होती.

"मास्तरांना शिक्षा झाली आहे," उर्वी इंग्रजीत म्हणाली.

"कशाबद्दल?"

"ते स्पोर्ट्स डेला आले नाहीत. ख्रिसमसच्या नाटकाला आले नाहीत. पॅरेंट्स ईव्हनिंगला फोनवर आले, आणि तेव्हाही म्यूटवर होते." तिने श्वास घेतला. "नियम सगळ्यांना सारखा."

मुख्याध्यापिकांनी गंभीरपणे मान डोलावली. अवधूतला लाज वाटली, अगदी सरळ साधी लाज, आणि डोळ्यांत पाणी आलं ते सगळंच काही कमरेमुळे नव्हतं. उर्वी नाडी बांधायला म्हणून खाली बसली, तेव्हा दोघांची तोंडं समोरासमोर आली.

"बाबा, दुखते?"

"फार."

"मिसला सांगू?"

"सांग."

त्याला शाळेतल्या दोघांनी आडवा करून गाडीत घातलं. डॉक्टरांनी दोन आठवडे खुर्चीवर बसायला मनाई केली. आठ वर्षं तो ज्या विश्रांतीसाठी झुरत होता ती शेवटी मिळाली, हॉलच्या फरशीवर, चटईवर. शाळेत मात्र उर्वीचा भाव वधारला होता. स्वतःलाही न सोडणारा बाप दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

रोज साडेतीनला ती घरी येई, पगडी डोक्यावर ठेवी आणि पाटी घेऊन चटईपाशी उभी राही. "अवधूत टिपणीस." आडवा पडलेला अवधूत हजर म्हणे, ती पाटीवर खूण करी, आणि मग शाळेत काय काय झालं ते सांगत बसे. त्याला कळलं, की ती पुष्कळ बोलते.

दोन आठवडे संपले त्या शुक्रवारी हजेरी झाल्यावर ती गेली नाही.

"मंडेपासून तुझी ऑफिस," ती म्हणाली. "मग साडेतीनला?"

सोमवारी साडेतीनलाच मीटिंग होती, तिचं निमंत्रण फोनवर येऊन पडलं होतं. अवधूतने फोन उचलला, या वेळी नीट वाचलं आणि तळाशी 'नो' दाबलं.

"पुन्हा अंगठे धरायची ताकद नाही राहिली माझ्यात," तो म्हणाला. "हजर लाव."